एकच प्रियस, ॲव्हरेज मात्र निरनिराळे

टोयोटा कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसला जपानमधील त्या वेळच्या '१०-१५ मोड' चाचणीत लिटरला ३८ किलोमीटर असा आकडा मिळाला. युरोपच्या तेव्हाच्या अधिकृत चाचणीत याच गाडीला १०० किलोमीटरसाठी ३.९ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला साधारण २५.६ किलोमीटर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शहर आणि महामार्ग मिळून तिला गॅलनला ५० मैल, म्हणजे लिटरला २१.३ किलोमीटर एवढेच दिले. देशोदेशी विकल्या गेलेल्या गाड्यांच्या टायरमध्ये आणि सजावटीत थोडाफार फरक होता, पण इंजिन तेच, विजेच्या मोटरी त्याच आणि बॅटरीही तीच. तरीही सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या पावणेदोन पटींहून अधिक भरतो.

यातली कोणतीही चाचणी खोटी नव्हती. जपानच्या त्या चाचणीत इंजिन आधीच गरम केलेले असे, सरासरी वेग ताशी जेमतेम २३ किलोमीटर असे आणि कमाल वेग ७० च्या वर जात नसे. युरोपच्या चाचणीत इंजिन थंड स्थितीतून सुरू होई, परंतु वेग इतका सावकाश वाढवला जाई की शून्यावरून ५० गाठायला २६ सेकंद मिळत. अमेरिकेच्या २००८ नंतरच्या पद्धतीत ताशी १२९ किलोमीटरपर्यंतचा वेग, जोरकस पिकअप, ३५ अंशांच्या उष्णतेत चालू असलेला एसी आणि उणे ७ अंशांतली थंडी हे सारे हिशेबात धरले जाते. ही पद्धत लागू झाली तेव्हा आधीच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा शहरातला आकडा गॅलनला ६० मैलांवरून ४८ वर आला. साध्या पेट्रोल गाड्यांचेही आकडे घटले, पण प्रियससारख्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणाऱ्या, गाड्यांइतके नाहीत. हायब्रिड गाडीचे ॲव्हरेज ती कशी आणि कुठे चालवली जाते यावर किती अवलंबून असते, हे या एका फेरबदलातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही जाहिरातीतून होत नाही.

तिसऱ्या पिढीचे उत्पादन २०१५ च्या सुमारास थांबले, त्यामुळे ही गाडी आता जुन्या गाड्यांच्या बाजारातच मिळते आणि घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? तिची आसने, डिकी, आतला आवाज आणि मागच्या काचेतून दिसणारे अर्धवट दृश्य यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून या परीक्षणात मी त्या एका प्रश्नापुरतेच लिहिणार आहे. ही गाडी मी बराच काळ आणि बऱ्याच प्रकारच्या रस्त्यांवर चालवलेली आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो आदर आकड्यांच्या भाबड्या अपेक्षेवर उभा राहू नये, एवढीच इच्छा आहे.

प्रथम यंत्रणा समजून घ्यावी लागते. १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन, दोन विद्युत मोटर-जनरेटर आणि या तिघांना जोडणारा ग्रहमालेसारख्या रचनेचा गिअरसंच असा हा संसार आहे. क्लच नाही, पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नाहीत, इंजिनाच्या पुढच्या बाजूला नेहमी दिसणारे पट्टेसुद्धा नाहीत, कारण पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर चालतात. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीने चालते. त्यात झडपा उशिरा मिटतात आणि ज्वलनानंतर वायूला प्रसरण पावायला अधिक वाव मिळतो, त्यामुळे ताकद काहीशी कमी मिळते पण पेट्रोलमधली जास्त ऊर्जा कामी लागते. आपल्या सर्वोत्तम टप्प्यात हे इंजिन इंधनातील ३८.५ टक्के ऊर्जेचे कामात रूपांतर करते आणि पेट्रोल इंजिनासाठी ही कामगिरी उत्तम आहे. मात्र 'आपल्या सर्वोत्तम टप्प्यात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फार हलक्या भाराखाली कोणतेही पेट्रोल इंजिन उधळ्यासारखे इंधन पिते, आणि त्या वेळी त्याला बंद ठेवता यावे म्हणूनच मोटर आणि बॅटरी आहेत.

बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची असून तिची क्षमता १.३ किलोवॉट-तास आहे, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून गाडी त्यातला मधलाच, साधारण अर्ध्याहून कमी, भाग वापरते. ही गाडी बाहेरून चार्ज होत नाही. म्हणजे बॅटरीत जी वीज आहे ती एक तर इंजिनाने पेट्रोल जाळून भरलेली आहे, किंवा पूर्वी पेट्रोल जाळूनच मिळवलेल्या वेगातून ब्रेक लावताना परत मिळालेली आहे. बॅटरी ही जणू पेट्रोलच्या बँकेतून काढून खिशात ठेवलेली सुटी रक्कम आहे, आणि ती काढताना व पुन्हा भरताना दर वेळी थोडी वर्तणावळ द्यावी लागते. जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटरीची रसायनक्रिया, पुन्हा इन्व्हर्टर आणि शेवटी मोटर, अशा प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. या गाडीचे ॲव्हरेज वाढवण्याच्या नावाखाली केल्या जाणाऱ्या बहुतेक चुकीच्या गोष्टी ही वर्तणावळ विसरल्यामुळे होतात.

त्यांतली सर्वांत रूढ सवय म्हणजे गाडी शक्य तितका वेळ 'फक्त विजेवर' ठेवण्याचा अट्टहास. ईव्ही असे लिहिलेले बटण दाबले की ताशी ४० किलोमीटरच्या आत, एखाद-दीड किलोमीटर, गाडी इंजिनाशिवाय निःशब्द जाते, आणि ते सुख खरे आहे. परंतु त्यानंतर तीच वीज भरून काढण्यासाठी इंजिन अधिक वेळ अधिक भाराने चालते, आणि वर्तणावळ दोनदा जाते. वाहनतळात गाडी इकडची तिकडे करायची असेल किंवा रात्री उशिरा कोणाची झोपमोड न करता बाहेर पडायचे असेल तर ते बटण उपयोगी आहे. ॲव्हरेजसाठी मात्र त्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दीत रांगत असताना विजेवर कधी जायचे हे गाडीचा संगणक माणसापेक्षा नेमके ठरवतो.

याच समजुतीचे दुसरे रूप सिग्नलवर दिसते. दिवा हिरवा झाल्यावर काही चालक ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करतात आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून गाडी कासवाच्या गतीने पुढे नेतात. मागच्या वाहनांचा खोळंबा होतो आणि पेट्रोलही वाचत नाही. प्रियसच्या काचेखालच्या पडद्यावर एक आडवी पट्टी आहे, आणि ती नीट वाचता आली की निम्मे काम होते. डाव्या टोकाला चार्जिंगचा भाग, मध्ये इको भाग आणि उजव्या टोकाला पॉवरचा भाग असे तिचे विभाग आहेत, आणि इको भागाच्या बरोबर मध्यावर एक रेघ आहे. पट्टी त्या रेघेच्या आत असेपर्यंत, इंजिन गरम आणि बॅटरी पुरेशी भरलेली असेल तर, गाडी विजेवर चालते. पट्टी रेघ ओलांडून उजवीकडे सरकली की इंजिन जागे होते. वेग घेताना पट्टी या रेघेच्या पलीकडे, पण पॉवरच्या अलीकडे ठेवावी. इंजिन ज्या भाराखाली सर्वांत काटकसरीने चालते तो भार साधारण याच पट्ट्यात येतो. निश्चयाने, पण धसमुसळेपणा न करता हव्या त्या वेगाला पोहोचावे आणि मग पाय पूर्ण उचलावा. इंजिन थांबते. त्यानंतर ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून धरला की ऊर्जेचा प्रवाह दाखवणाऱ्या पडद्यावरचे सगळे बाण नाहीसे होतात: इंजिनातून चाकांकडे काही जात नाही, बॅटरीतून काही निघत नाही, बॅटरीत काही येतही नाही. गाडी नुसती घरंगळत असते. अशा घरंगळण्यात ०.२५ इतका कमी वायुरोध गुणांक असलेला तिचा बांधा जे काम करतो ते पाहण्यासारखे आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ती इतकी लांब जाते की नवख्या चालकाला पुढचा सिग्नल येईपर्यंत पुन्हा ॲक्सिलरेटर दाबावासाच वाटत नाही.

पाय पूर्ण उचललेला असताना गाडी घरंगळत नाही, ती हलके ब्रेकिंग करते आणि थोडी वीज बॅटरीत भरते, हा भेद अनेक वर्षे गाडी वापरणाऱ्यांच्याही लक्षात आलेला नसतो. समोर थांबायचेच असेल तर पाय पूर्ण उचलणे योग्य. थांबायचे नसेल तर वेगाची वीज आणि विजेचा पुन्हा वेग करण्यापेक्षा वेग वेग म्हणूनच राहू देणे केव्हाही स्वस्त पडते. ज्या पिढीविषयी आपण बोलतो आहोत तिच्यात हे तंत्र ताशी ७४ किलोमीटरच्या आतच साधते, कारण त्याच्या वर जनरेटरचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ नयेत म्हणून इंजिनाला फिरत राहावेच लागते. आणि हे सारे मोकळ्या रस्त्यावरचे शास्त्र आहे. दाट वाहतुकीत, मागे कोणी चिकटून येत असताना, वेग वरखाली करत राहणे धोक्याचे आहे. तिथे पुढच्या गाडीपासून ऐसपैस अंतर ठेवले की ब्रेकची गरज आपोआप घटते आणि त्यातच बराचसा लाभ पदरात पडतो.

ब्रेकच्या बाबतीत हायब्रिडविषयी मोठा गैरसमज आहे. ब्रेक लावला की ऊर्जा परत मिळते, तेव्हा ब्रेक कितीही वापरला तरी हरकत नाही, असे विक्री प्रतिनिधीसुद्धा सांगताना मी ऐकले आहे. साधा हिशेब करून पाहावा. माणसे धरून दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्या गतीत सुमारे ०.०५८ किलोवॉट-तास ऊर्जा असते. ती १२ सेकंदांत थांबवली तर सरासरी १७ किलोवॉट दराने ऊर्जा बाहेर पडते. तीच गाडी ४ सेकंदांत थांबवली तर हा दर ५२ किलोवॉटवर जातो. या बॅटरीची कमाल शक्तीच २७ किलोवॉट आहे, आणि वीज आत घेण्याची तिची मर्यादाही त्याच घरातली आहे. म्हणजे लांबून, सावकाश ब्रेक दाबणाऱ्याची बरीचशी ऊर्जा बॅटरीत पोहोचते, आणि ऐन वेळी करकचून ब्रेक दाबणाऱ्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा ब्रेकच्या डिस्कवर उष्णता होऊन नष्ट होते. दोघेही त्याच सिग्नलला, त्याच रेघेवर थांबलेले असतात. पुढचा लाल दिवा दुरून दिसताच पाय उचलणे ही एकच सवय लावून घेतली तरी शहरातल्या ॲव्हरेजमध्ये पडणारा फरक पुढच्याच टाकीला दिसतो.

घाट उतरताना हीच मर्यादा दुसऱ्या रूपात समोर येते. दीड टनाची गाडी १०० मीटर उंची उतरली की ०.४ किलोवॉट-तासांहून किंचित अधिक ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जिरते, काही रूपांतरात जाते. बॅटरीत अशा वेळी रिकामी जागा साधारण पाव किलोवॉट-तासाची असते. म्हणजे शे-दीडशे मीटर उतरेपर्यंत पडद्यावर बॅटरीची पातळी दाखवणारे सगळे खाने हिरवे होतात आणि त्यापुढच्या उताराची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही. मग इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो. पुष्कळ जणांना वाटते की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसते फिरवून नको असलेली ऊर्जा संपवत असते. गिअरच्या दांड्यावरचा 'बी' हा खटका हेच काम लवकर आणि जास्त जोराने करतो, म्हणून तो लांब घाटातच वापरावा. रोजच्या रस्त्यावर 'बी' वापरल्याने जास्त चार्जिंग होते ही समजूत चुकीची आहे आणि ती ॲव्हरेजला मारक आहे. डोंगराळ भागात राहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की लहान लहान चढउतार या गाडीला मानवतात, पण एकच एक मोठा चढ आणि तेवढाच मोठा उतार यांत ती जवळजवळ साध्या पेट्रोल गाडीसारखी वागते.

थांबलेल्या वाहतुकीत गाडी न्यूट्रलवर टाकण्याची सवय जुन्या गाड्यांतून आलेली असते. इथे ती सोडावी लागते, कारण न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. एसी चालू ठेवून बराच वेळ न्यूट्रलमध्ये उभे राहिल्यास बॅटरी खालावते आणि निघाल्यावर इंजिनाला ती भरण्याचे जादा काम पडते. 'डी' (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून उभे राहावे, किंवा खोळंबा लांबणार असेल तर 'पी' (पार्किंग) चे बटण दाबावे.

आता ज्या गोष्टीमुळे सर्वाधिक निराशा होते तिच्याकडे येतो. ती म्हणजे थंड इंजिन आणि आखूड फेऱ्या. गाडी सुरू केल्यावर पहिला मिनिटभर इंजिनाचे मुख्य काम चाके फिरवणे हे नसते. धुराड्यातला उत्प्रेरक तापवणे हे असते, कारण तो तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. या काळात गाडी उभी असली तरी इंजिन चालू राहते. उत्प्रेरक तापल्यावरही पाणी आणि तेल पुरेसे गरम होईपर्यंत इंजिन सहजासहजी बंद होत नाही, आणि सिग्नलवर थांबल्यावर पसरणारी ती ओळखीची शांतता मिळत नाही. दोन-तीन किलोमीटरवर जाऊन गाडी बंद केली आणि दोन तासांनी पुन्हा तेवढेच अंतर कापले, तर प्रत्येक फेरी याच महागड्या अवस्थेत संपते. ज्या घरात गाडीचा वापर एवढाच आहे तिथे प्रियस लिटरला पंधरा किलोमीटरच्याही खाली गेली तर त्यात गाडीचा दोष नाही.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेले आकडे या संदर्भात बोलके आहेत. तापमान २५ अंशांवरून उणे ७ अंशांवर गेले की शहरातल्या वापरात साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते, हायब्रिडचे मात्र ३० ते ३४ टक्क्यांनी. कारणे एकाहून अधिक आहेत. थंड हवा सुमारे १२ टक्के अधिक दाट असते. तेल घट्ट होते. टायरमधला दाब दर साडेपाच अंशांच्या घसरणीला साधारण एक पीएसआयने उतरतो. थंड बॅटरी वीज आत घ्यायला कां-कूं करते आणि ब्रेकिंगमधून मिळणारा वाटा कमी होतो. या सर्वांवर कडी करतो तो हीटर. गाडीच्या आत येणारी ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून येते, आणि काटकसरी इंजिनाकडे वाया जाणारी उष्णताच कमी असते. त्यामुळे आत बसलेल्यांना उबदार ठेवण्यासाठीच इंजिन चालू ठेवावे लागते. तिसऱ्या पिढीत धुराच्या उष्णतेने पाणी लवकर तापवण्याची सोय केली आहे आणि तिचा उपयोग जाणवतो, तरी मूळ अडचण उरतेच.

यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. गाडी सुरू करून जागेवर गरम करत बसू नये. लगेच निघावे आणि पहिले किलोमीटरभर पाय हलका ठेवावा. चार कामे असतील तर ती एकाच फेरीत आणावीत आणि सर्वांत दूरचे काम आधी करावे, म्हणजे इंजिन पूर्ण गरम होते आणि परतताना मधले थांबे कमी खर्चात होतात. पाण्याचे तापमान चढेपर्यंत हीटरचा पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवावा. आसने तापवण्याची सोय असेल तर ती वापरावी, कारण माणसाला थेट ऊब देण्यात सगळ्या गाडीची हवा तापवण्यापेक्षा फार कमी ऊर्जा जाते.

उष्ण हवामानात हिशेब वेगळा होतो. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर असल्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. या सोयीची किंमत मात्र वेगावर ठरते, आणि ही बाब सहसा कोणी सांगत नाही. एसी दीड किलोवॉट वीज घेत असेल तर ताशी ६० किलोमीटरच्या चालीत त्याचा बोजा किलोमीटरला ०.०२५ किलोवॉट-तास पडतो. ताशी १५ किलोमीटरने रांगणाऱ्या गर्दीत तोच बोजा चौपट, म्हणजे ०.१ किलोवॉट-तास होतो. तासाभराची ही वीज तयार करायला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल जाते आणि त्या तासात गाडी पुढे सरकलेली असते फक्त १५ किलोमीटर. एसी बंद करून घामाघूम व्हावे असे मी म्हणत नाही. उन्हात तापलेली गाडी आधी काचा उघडून मोकळी करावी, आतली हवा आतच फिरवण्याचे बटण वापरावे आणि तापमान दोन अंश वर ठेवावे. इको मोडमध्ये एसी थोडा आवरता घेतला जातो आणि ॲक्सिलरेटरचा प्रतिसादही सौम्य होतो, म्हणून रोजच्या वापरासाठी मला तोच पसंत आहे. पॉवर मोडने इंजिनाची कमाल ताकद वाढत नाही, केवळ पाय थोडा दाबताच ती जास्त मिळते. शिस्तीने चालवणाऱ्याला त्याची फारशी गरज पडत नाही.

महामार्गाबद्दल थोडक्यात लिहिले तरी पुरेल. ताशी ९० वरून १२० वर गेल्यास हवेचा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो, ब्रेकिंग जवळजवळ नसते आणि मोटर-बॅटरीला करण्यासारखे फार काही उरत नाही. राहते ते एक चांगले इंजिन आणि एक निमुळता बांधा. तेवढ्यावरही ही गाडी समाधानकारक ॲव्हरेज देते, पण ज्यांचा बहुतेक प्रवास ताशी १२० च्या वर आहे त्यांनी केवळ इंधन वाचवण्यासाठी हायब्रिड घ्यावी असे मला वाटत नाही. टपावर मोठी पेटी बसवलेली असेल तर भरधाव महामार्गावर १० ते २५ टक्के इंधन त्या एका पेटीपायी जाऊ शकते. काम झाले की ती उतरवून ठेवावी.

एवढे सगळे घटक साध्या गाडीलाही लागू असताना हायब्रिडमध्येच त्यांचा एवढा गाजावाजा का, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा हवा कमी असलेल्या टायरमुळे, जड सामानामुळे आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे १०० किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल जादा लागले. जी गाडी मुळात ९ लिटर घेते तिचे ॲव्हरेज ११.१ वरून १०.५ वर येईल आणि मालकाला ते कळणारही नाही. प्रियस ४.७ लिटर घेते, तिचे ॲव्हरेज २१.३ वरून १९.२ वर घसरेल आणि मालक सर्व्हिस सेंटर गाठेल. वाया गेलेले पेट्रोल दोघांचे सारखेच आहे. काटकसरी गाडीत प्रत्येक गळती मोठी दिसते, आणि म्हणूनच या गाडीच्या मालकाने तपशिलांकडे लक्ष देण्यात अर्थ आहे.

त्यांतले दोन तपशील विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला टायरचा. कमी रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे रस्त्यावर फिरताना कमी ऊर्जा खाणारे, मूळ टायर झिजल्यावर त्यांच्या जागी साधे टायर बसवले की ॲव्हरेज लगेच उतरते, आणि दोष बॅटरीला दिला जातो. टायर बदलताना रोलिंग रेझिस्टन्सची प्रत विचारून घ्यावी आणि हवा थंड टायरमध्येच तपासावी. दुसरा तपशील मागच्या आसनाशेजारच्या एका जाळीचा. आसनाच्या कडेला, प्रवाशाच्या हाताजवळ, छोट्या खिडकीएवढी ही जाळी असते आणि तिच्यातूनच बॅटरी थंड ठेवणारी हवा आत ओढली जाते. पिशव्या, उशी, लहान मुलांचे जाकीट अशी कोणतीही वस्तू तिच्यावर टेकली की पंखा गुदमरतो. पाळीव प्राण्यांचे केस आणि धूळ पात्यांवर साचली तर बॅटरी तापू लागते आणि तापलेली बॅटरी, थंड बॅटरीप्रमाणेच, वीज घेण्या-देण्यात हात आखडता घेते. उन्हाळ्यात मागून पंख्याचा सूं सूं आवाज वरचेवर येऊ लागला तर आधी ही जाळी पाहावी. पंखा स्वच्छ करण्याचे काम फार मोठे नाही, पण ते नियमित देखभालीच्या यादीत अनेकदा नसते आणि सांगून करून घ्यावे लागते.

आपले ॲव्हरेज खरोखर किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीवरही काही ठरते. पडद्यावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा उदार असतो, असा या गाडीच्या मालकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. टाकी नोझल ऑटोकट होईपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटोकटपर्यंत भरून भागाकार करावा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, कारण नोझल कुठे थांबली याचा फरकच लिटर-दोन लिटरचा पडू शकतो. ४५ लिटरच्या टाकीत तो लहान वाटला तरी अर्ध्या टाकीवर मोजणाऱ्याची पार दिशाभूल करतो. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर त्यात शुद्ध पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी कमी असते, हेही दोन ठिकाणांचे आकडे शेजारी मांडताना लक्षात असावे.

तिन्ही अधिकृत आकड्यांपैकी मला अमेरिकेचा २१.३ हा आकडा रोजच्या वापराला सर्वांत जवळचा वाटतो. समशीतोष्ण हवा, दहा किलोमीटरच्या वरच्या फेऱ्या, ताशी ४० ते ७० चा वेग आणि दूरवर नजर ठेवून चालवणारा चालक असे चार योग जुळले तर युरोपचा २५.६ हा आकडाही आवाक्यात येतो. जपानचा ३८ हा आकडा प्रयोगशाळेतच शोभतो. ज्यांचा प्रवास शहरातल्या आणि शहरालगतच्या मध्यम वेगाच्या रस्त्यांवर आहे, त्यांना ही गाडी जुनी झाली तरी मी निःशंकपणे सुचवीन. थंड प्रदेशात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी आणि सदैव भरधाव महामार्गावर असणाऱ्यांनी तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. गाडीच्या रचनेबद्दल माझी एकच खरी तक्रार आहे: आपण ब्रेक दाबताना ऊर्जा बॅटरीत जाते आहे की डिस्कवर वाया जाते आहे, हे पडद्यावर नीट दिसत नाही. चार्जिंगचा भाग भरून गेला एवढेच कळते, त्यापुढचे नुकसान अदृश्य राहते. ते डोळ्यांसमोर आले असते तर चालकांच्या सवयी आपोआप सुधारल्या असत्या.

जुनी प्रियस पाहायला जाणाऱ्याने इंजिन पूर्ण थंड असतानाच ती सुरू करून पाहावी. निघाल्यावर काही मिनिटांनी सिग्नलवर इंजिन आपणहून थांबते का, पाय उचलल्यावर चार्जिंगची पट्टी भरते का, बॅटरीचे खाने उभ्या उभ्या भराभर वरखाली होतात का आणि मागच्या जाळीत किती धूळ आहे, हे स्वतः पाहावे. खाने मिनिटा-दोन मिनिटांत तळाला आणि पुन्हा वर जात असतील तर बॅटरी थकलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग चालवण्याच्या कोणत्याही सवयीने ॲव्हरेज सावरणार नाही. विक्रेत्याने गाडी आधीच फिरवून गरम करून ठेवली असेल, तर त्या दिवशी व्यवहाराची बोलणी न करता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.